कागद कानडी, आजार आपला : खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या बायका आणि आरोग्याची माहिती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली कणकुंबी, जांबोटी, हेम्माडगा, भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्या आणि पलीकडचे, उत्तर कन्नडातले हल्याळ-जोयड्याचे गवळीवाडे. या पट्ट्यात काम करणाऱ्या आशाताई, अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या सचिव यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पडतात, त्यांची ही उत्तरं. घरात वाचता येणारी एकच सून असेल तर तिच्याही उपयोगाची आहेत. तपासणी आणि उपचार डॉक्टरांचेच. इथं विषय एवढाच, की त्यांनी सांगितलेलं घरापर्यंत नीट कसं पोचवायचं.

आरोग्याची माहिती कळणं म्हणजे नक्की काय? वाचता आलं की झालं ना?

नाही. सातवी शिकलेली सून मराठी पेपर वाचते, पण औषधाच्या पाकिटावरचं ‘१-०-१’ (सकाळी एक, रात्री एक) बघून एकच गोळी घेते. तिकडं सही न येणारी आज्जी प्रत्येक गोळीमागं दोरीला एक गाठ मारते आणि पंधरा दिवसांचा हिशेब चोख देते. कोणाला जास्त कळलं?

आमची कसोटी सोपी आहे. दवाखान्यातून परतलेल्या बाईला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: हे औषध कशासाठी, किती आणि कधी घ्यायचं, आणि काय झालं तर वाट न बघता परत जायचं. तिसरीचं उत्तर बहुतेक वेळा येत नाही, आणि जीव जातो तो तिथंच. ताप ‘अंगावर काढला’, अंगावरून जाणारं पांढरं ‘बाईचं असतंच’ म्हणून सोडून दिलं, असं होतं ते माहिती नव्हती म्हणूनच असं नाही. ‘इथून पुढं थांबायचं नाही’ ही रेघ कोणी मारून दिलेली नसते.

या भागातल्या सगळ्या बायकांना आदिवासी म्हणता येतं काय?

सरकारी कागदावर नाही. सिद्दी समाज (मूळचा आफ्रिकी वंशाचा) उत्तर कन्नडात आधीपासून अनुसूचित जमातीत आहे. २०२० च्या दुरुस्तीनं बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतले सिद्दीही यादीत आले. गवळी धनगर आणि जोयड्याकडचे कुणबी रानातच राहतात, त्यांची मागणीही जुनी आहे, पण कर्नाटकच्या यादीत त्यांचं नाव नाही. आरोग्याच्या कामात मात्र हा वाद मध्ये आणायचं कारण नाही. तपासणी, लस, बाळंतपण, सापाची लस यांसाठी जातीचा दाखला लागत नाही. तो मागून कोणी परत पाठवत असेल तर ते चूक आहे.

तायी कार्ड (गरोदर बाईला मिळणारं माता-बाल संरक्षण कार्ड) कानडीत आहे. मराठी बाईनं ते वाचायचं कसं?

आधी चित्रं. कार्डाच्या मागच्या पानांवर धोक्याच्या खुणांची चित्रं असतात, त्यांना भाषा लागत नाही. बोट ठेवून एकेक चित्र बाईकडूनच वदवून घ्या. ‘हिचं काय होतंय?’ असं विचारा, ‘हे फिट येण्याचं चित्र आहे’ असं स्वतः सांगू नका.

मग ठरावीक आठ-दहा शब्द. ‘हेसरु’ म्हणजे नाव, ‘गंडन हेसरु’ म्हणजे नवऱ्याचं नाव (पोरी हे वाचताना हसतात, हसू द्यावं, लक्षात राहतं). ‘तूक’ म्हणजे वजन. ‘रक्तदोत्तड’ म्हणजे बीपी. ‘कोनेय मुट्टिन दिनांक’ म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख. ‘हेरिगे’ म्हणजे बाळंतपण आणि ‘निरीक्षित दिनांक’ म्हणजे अंदाजे तारीख. ‘कब्बिणांश मात्रे’ म्हणजे लोहाची गोळी, ‘लसिके’ म्हणजे लस, ‘चुच्चुमद्दु’ म्हणजे इंजेक्शन.

ओळखीचे वाटणारे शब्द जास्त फसवतात. भिंतीवर ‘उचित’ लिहिलेलं असतं, शाळकरी पोरगी मोठ्यानं वाचते आणि घरचे समजतात ‘योग्य औषध’. कानडीत उचित म्हणजे फुकट. त्या पाटीवर औषध, तपासणी आणि बाळंतपण फुकट आहे असं लिहिलेलं असतं, आणि ती वाचूनही माणसं खिशात पैसे आहेत काय ते चाचपत उभी राहतात. तसंच ‘मात्रे’ म्हणजे औषधाची मात्रा नव्हे, गोळी. ‘अपाय’ म्हणजे नुसती इजा नव्हे, धोका. तो शब्द दिसला की पुढचं सगळं वाचून घ्यायचंच.

सोपी वाट आणखी एक आहे. माता-बाल संरक्षण कार्डाचा मूळ आराखडा देशभर एकच. माहेर चंदगड किंवा गडहिंग्लजकडं असेल तर तिथल्या बहिणी-भावजयींकडं मराठी कार्ड असतं. दोन्ही शेजारी ठेवली की चित्राला चित्र जुळतं आणि कानडी पानाचा अर्थ लागतो. सीमाप्रश्न कोर्टात आहे तो राहू दे, ओपीडीच्या रांगेत तो सुटायचा नाही.

चिठ्ठीवरचे १-०-१, एसओएस वगैरे काय असतं?

पहिला आकडा सकाळ, मधला दुपार, शेवटचा रात्र. १-०-१ म्हणजे सकाळी एक, रात्री एक. ०-०-१ म्हणजे फक्त रात्री. इंग्रजी खुणांत ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. ‘ऊटद मोदलु’ जेवणाआधी, ‘ऊटद नंतर’ जेवणानंतर.

वाचता न येणाऱ्या बाईसाठी पाकिटावर पेनानं उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढा आणि खाली तितके ठिपके द्या. अर्धी गोळी असेल तर अर्धा भरलेला गोल. दोन औषधं असली तर दोन वेगळ्या रंगांचे दोरे बांधा.

स्ट्रिपवर तारीख बहुधा एकाच टोकाला छापलेली असते. गोळ्या त्या टोकाकडून फाडायच्या नाहीत, नाहीतर उरलेल्या कशाच्या आणि कधीपर्यंत चालतील ते कळत नाही. दुकानदार सुट्या चार गोळ्या कापून देतो तेव्हा तारखेचा तुकडा मागून घ्या. मुदत संपण्याचा महिना छापलेला असतो, तो महिना संपेपर्यंत गोळी चालते.

डॉक्टर किंवा नर्स कानडीतच बोलतात. बाई गप्प बसते. काय करावं?

खानापूर तालुक्यात कर्मचाऱ्यांपैकी पुष्कळांना मराठी कळतं, पण विचारावं लागतं: ‘मराठी बरत्ता?’ नसेल तर एवढी वाक्यं पुरतात. ‘ई मात्रे यातक्के?’ म्हणजे ही गोळी कशासाठी. ‘एष्टु दिन?’ म्हणजे किती दिवस. ‘मत्ते यावाग बरबेकु?’ म्हणजे परत कधी यायचं. आणि सगळ्यात कामाचं: ‘अर्थ आगलिल्ला, निधानवागि हेळि’, म्हणजे कळलं नाही, सावकाश सांगा.

ही वाक्यं बैठकीत मोठ्यानं म्हणून घ्या, चार-पाच वेळा, हसत-खेळत. खुर्चीसमोर पहिल्यांदाच तोंड उघडायचं तर जीभ वळत नाही.

बोलीचा गुंता मराठीतही आहे. ‘मासिक पाळी नियमित आहे का’ या प्रश्नाला मान हलते, कारण घरात शब्द ‘बाहेरची’ किंवा ‘अडचण’ असा असतो. ‘डिस्चार्ज’ म्हणजे कोणाला घरी सोडणं वाटतं, कोणाला अंगावरून जाणं. झटके म्हणा, फिट म्हणा, आकडी म्हणा. त्या वाडीवर जो शब्द चालतो तो आधी विचारून घ्या आणि नर्सबाईंनाही सांगा.

शेवटच्या पाळीची तारीख कोणालाच आठवत नाही. मग?

तारीख नाही आठवत, पण सण आठवतो. ‘नागपंचमीला बाहेर बसली होतीस काय? गौरी आल्या तेव्हा? भात कापणीला?’ असं मागं-पुढं सरकत गेलं की आठवड्याच्या आत नेम लागतो. मग कॅलेंडरवर तो दिवस धरून नऊ महिने आणि सात दिवस पुढं मोजायचं. १ ऑगस्टला पाळी आली असेल तर अंदाज ८ मे. पाळी अनियमित असेल, किंवा आधीचं मूल अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील, तर हा हिशेब चुकतो. तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घेणं बरं. ‘आता कशाला, दिसायला लागलं की जाऊ’ म्हणून पाचव्या महिन्यात गेल्यावर तारखेचा अंदाज ढिला होतो.

तपासण्या कमीत कमी चार: १२ आठवड्यांच्या आत, १४ ते २६ मध्ये, २८ ते ३४ मध्ये आणि ३६ नंतर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून तपासणी असते, ही तारीख गावात पाठ असावी.

लोहाच्या गोळ्या बायका घेतात म्हणून सांगतात, पण रक्त वाढत नाही. कुठं चुकतं?

याचं उत्तर लांब आहे, कारण चुका एकापेक्षा जास्त आहेत.

आधी आकडे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या वर हवं. १० ते १०.९ म्हणजे थोडं कमी, ७ ते ९.९ म्हणजे मध्यम कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. ५ च्या खाली गेलं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. गरोदर नसलेल्या बाईला १२ हवं. कार्डावर हा आकडा लिहिलेला असतो, पण बाईला तो सांगितलेला नसतो. ‘रक्त कमी आहे’ एवढंच सांगतात. तिला आकडा सांगा: ‘तुझं साडेआठ, पाहिजे अकरा.’ लिटरभर दूध मोजून घालणाऱ्या गवळणीला अडीच कमी म्हणजे काय ते लगेच कळतं.

गोळी लाल असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर रोज दोन सांगतात. दुसऱ्या तिमाहीत जंताची एक गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, मिळते. ती चुकली तर लोह खाऊनही जंत आपला वाटा घेतच राहतात.

आता चुका. पहिली, चहाबरोबर. या पट्ट्यात सकाळी दुधाचा चहा पहिला आणि गोळीही त्याच घोटाबरोबर. चहा लोह अडवतो, दूधही अडवतं. दुसरी, कॅल्शियमची पांढरी गोळी त्याच वेळी. ती ५०० मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा असते. लोहात आणि तिच्यात दोन तासांचं अंतर हवं. सोपी मांडणी अशी: कॅल्शियम सकाळच्या आणि दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्री झोपताना. रात्री घेतली की मळमळही झोपेत निघून जाते. सोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असेल तर लोह जास्त लागतं.

तिसरी चूक भीतीची. शौचाला काळं होतं म्हणून ‘गोळी आतून जाळते’ असं वाटतं. काळं होणारच, न लागलेलं लोह बाहेर पडतं ते. हे आधी सांगितलं तर बाई गोळी सोडत नाही, मागाहून सांगितलं तर ऐकत नाही. दुसरी भीती सासूबाईंची: ‘गोळ्यांनी बाळ मोठं होतं, मग पोट फाडावं लागतं.’ इथं सुनेला समजावून उपयोग नाही. सासूला बैठकीला बोलवा आणि तिच्या वेळच्या बाळंतपणात रक्त किती गेलं होतं, तिला तेव्हा कसं वाटलं होतं, ते तिच्याच तोंडून येऊ द्या. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात तेवढाच रक्तस्राव झेपत नाही, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

चौथी चूक मोजण्याची. ‘गोळ्या खातेस काय गे?’ याचं उत्तर ‘होय’ असंच येतं. त्यापेक्षा ‘पाकीट दाखव’ म्हणा. महिन्यापूर्वी ३० दिल्या आणि आज १४ शिल्लक असतील तर १६ गेल्या. रागावू नका, कुठल्या दिवशी राहिली ते विचारा. बहुधा माहेरी गेली तेव्हा किंवा रानात मुक्काम होता तेव्हा.

नीट घेऊन महिन्यानं हिमोग्लोबिन निदान १ ग्रॅम वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळ्या वाढवत बसू नका, डॉक्टरांकडं पाठवा. कारण दुसरं असू शकतं. सिद्दी वस्त्यांत सिकलसेलची तपासणी झाली आहे काय ते आधी बघा.

जेवणाचं म्हणाल तर नाचणी, हुलगे, शेवग्याचा पाला, अळू, गूळ-शेंगदाणे हे सगळं चांगलं, आणि ते खायलाच हवं. पण साडेआठचं अकरा नुसत्या भाजीनं होत नाही. गूळ खाऊन रक्त भरलं असं सांगणं गोड वाटतं, गरोदरपणात मात्र ते दिवस वाया घालवणं आहे.

सिकलसेल म्हणजे काय?

रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हा जन्मतः येणारा आजार आहे. तो शिवल्यानं होत नाही. आई-बाप दोघंही नुसते वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, म्हणून लग्नाआधी तपासणी महत्त्वाची. देशपातळीवरची मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली, ती ४० वर्षांपर्यंतच्या लोकांसाठी आहे. एक सांभाळा: तपासणीचा निकाल वाडीवर बोभाटा करायचा विषय नाही, नाहीतर पोरीचं लग्न मोडतं आणि पुढच्या वेळी कोणी बोट पुढं करत नाही.

जुलाबात ओआरएसचं (मीठ-साखरेच्या पुडीचं) पाणी देऊनही मूल सुकतं. का?

पाकीट चुकीचं कालवलं म्हणून. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. घरात होतं असं की थोडी पूड पेल्यात टाकली, उरलेली घडी करून ठेवली. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं आणि ते उलट धोक्याचं. जास्त पडलं तर गुण नाही. म्हणून पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर. माप म्हणून बाजारातली एक लिटरची पाण्याची बाटली धुऊन घरात ठेवा. पाणी आधी उकळून थंड करायचं, पूड टाकल्यावर उकळायचं नाही. २०० मिलिलिटरची लहान पाकिटंही मिळतात, तेव्हा पाकिटावरचं माप बघा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

किती? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. जोडीला झिंक: सहा महिन्यांपुढं रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी १४ दिवस, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ पुरे करायचे.

पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सपाट म्हणजे बोटानं वरचं सारून टाकलेलं. दुकानातलं खोक्यातलं फळाचं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. डोळे खोल गेले, मूल पीत नाही, मलूल पडलं, शौचात रक्त दिसलं की वाट बघायची नाही.

काजूला गेलेल्या बायकांना ताप आला तर?

डिसेंबर ते मे हा माकडतापाचा हंगाम, आणि काजूचाही त्यातलाच. हा विषाणू पहिल्यांदा १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर रानात ओळखला गेला. गोव्यात सत्तरीत २०१५ पासून आणि दोडामार्गात २०१६ पासून रुग्ण सापडले. आपल्याकडच्या बायका काजू वेचायला तिकडंच जातात. तो गोचिडीतून येतो. माणसाकडून माणसाला लागत नाही.

गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत एकदम जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगायची गोष्ट: ‘मी अमुक रानात काजूला गेले होते, परत येऊन इतके दिवस झाले.’ खानापुरात बसलेल्या डॉक्टरला तुम्ही दोडामार्गात होता हे कुठून कळणार? गावाजवळ माकडं मेलेली दिसली असतील तर तेही सांगा, आणि मेलेल्या माकडाला हात लावू नका. तापाला पॅरासिटामॉलच, अंगदुखीच्या इतर गोळ्यांनी आणि ॲस्पिरिननं रक्तस्राव वाढू शकतो. रानात जाताना अंगभर कपडे आणि आरोग्य खात्याकडून मिळणारं गोचिडीचं तेल. आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ, आणि काख, जांघ, कानामागं, केसांत एकमेकींनी बघणं. पाचोळ्यावर बसून जेवायची सवय तेवढी मोडा.

साप चावल्यावर काय करायचं नाही?

आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, सापाच्या मागं लागायचं नाही. बांगड्या, तोडे, जोडवी लगेच काढा, सूज आली की ती निघत नाहीत. हात-पाय फळीला सैल बांधून हलू देऊ नका, चालवू नका, १०८ ला फोन. सापावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दवाखान्यात काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर घोणस-फुरशासारखं विष भिनलेलं असतं. म्हणून ‘नुसती नळी ठेवलीय, काही करत नाहीत’ असा कालवा करू नका. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दिसतही नाही आणि दुखतही नाही. पहाटे पोटात दुखून पापण्या जड झाल्या तर तोच संशय घ्यावा. मांत्रिकाकडं जायचंच असेल तर दवाखान्यातून परत आल्यावर जा.

पावसाळ्यात वाट बंद असताना बाळंतपण आलं तर?

आलं तर काय, यापेक्षा येण्याआधी काय ते ठरवा. आत वाड्यांवर जूनपासून ओढे भरतात, मोबाइलला रेंज नसते, १०८ डांबरी संपते तिथं थांबते. अंदाजे तारीख जून ते सप्टेंबरमध्ये पडत असेल तर ३७-३८ व्या आठवड्यात बाईला जांबोटी, खानापूर किंवा दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडं हलवा. सातव्या महिन्यातच ठरवायच्या गोष्टी: कोणाकडं राहायचं, घरची गुरं आणि थोरली पोरं कोण बघणार, डांबरीपर्यंत कोणाचं वाहन, आणि फोन लागतो ती जागा कोणती. गुरांचं ठरलं नाही म्हणून बाई हलत नाही, हे खरं कारण असतं. ते कुठल्या फॉर्मात लिहिलेलं नसतं.

यातलं काही दिसलं तर तारखेची वाट नाही: अंगावरून रक्त, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढं अंधारी, चेहऱ्यावर-हातांवर सूज, आकडी, ताप, पाणी फुटणं, बाळाची हालचाल कमी होणं.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी फुकट. परत घरी सोडण्याचीही. साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझर झाल्यास सात दिवस जेवण. ‘घरी सोडा’ हे मात्र मागावं लागतं.

पैसे कुठले कुठले मिळतात?

जननी सुरक्षा योजनेत कर्नाटकात खेड्यातल्या बीपीएल किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला दवाखान्यात बाळंतपण झालं तर ७०० रुपये. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, ३,००० आणि २,००० अशा दोन हप्त्यांत. दुसरं मूल मुलगी असेल तर ६,००० एकदम. दुसरा हप्ता जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर येतो, म्हणून लस चुकली की पैसेही अडकतात. अडतं बहुधा तीन ठिकाणी: आधारवर माहेरचं नाव, बँक खात्याला आधार जोडलेलं नाही, खातं नवऱ्याचं. खातं बाईचंच लागतं.

मोठ्या आजारासाठी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्डावर बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. खासगी दवाखान्यात जायचं तर आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी, तातडीचं असेल तर ती माफ. चिठ्ठी न घेता थेट बेळगाव गाठलं की बिल हातात येतं. महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचा निर्णय घेतला. आपलं गाव यादीत आहे काय आणि कुठले कागद लागतात ते जाण्याआधीच, ज्या दवाखान्यात जायचं तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) विचारा.

बाळंतपणाला माहेरी चंदगडला गेली. बाळाच्या लसी कुठं?

जिथं असेल तिथं. लस राज्य बघत नाही. तायी कार्ड सोबत न्यायचं आणि तिकडं दिलेल्या प्रत्येक लसीची तारीख त्याच कार्डावर लिहून घ्यायची. होतं उलटं: तिकडं नवं कार्ड काढतात, ते माहेरच्या पेटीत राहतं, आणि इकडं आशाताईंच्या वहीत बाळाच्या लसी कोऱ्या. दोन कार्डं असली तर एकमेकांना टाचून ठेवा.

मोबाइलवर आलेलं खरं कसं ओळखायचं?

‘लस घेतल्यावर पोर होत नाही’, ‘अमक्या पाल्यानं साखर आठ दिवसांत जाते’ असं काही आलं की बघा: सांगणारा कोण, त्याला काही विकायचंय काय, ‘लगेच सगळ्यांना पाठवा’ असं म्हटलंय काय, आणि चालू औषध बंद करायला सांगतंय काय. शेवटच्याचं उत्तर ‘होय’ असेल तर पुढं विचारच करायचा नाही. शंका असेल तर १०४ या सरकारी आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा. मन उदास असेल, बाळंतपणानंतर झोप उडाली असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

बैठक घ्यायची तर कशी?

आठ-दहा बायका, एकच विषय, अर्धा तास. वेळ सकाळची धार काढून दूध गेल्यानंतरची किंवा संध्याकाळच्या धारेआधीची. आधी ‘तुम्ही काय करता?’ हे विचारा आणि ऐका. मग वस्तू दाखवा, चित्र नाही: खरी लाल गोळी, खरं पाकीट, खरी बाटली. मग एकीला करायला सांगा. ओआरएस तिनं कालवायचं, आपण हात मागं ठेवायचे. शेवटी ‘कळलं काय?’ असं कधीच विचारू नका. ‘घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगशील?’ असं विचारा. ती सांगताना जिथं अडखळते, तिथं आपलं सांगणं कमी पडलेलं असतं.

घरात कानडी फक्त शाळकरी मुलीला येतं. तिच्याकडून वाचून घ्यावं काय?

तारीख, गोळ्यांची वेळ, पाटी, लसीचं पान हे जरूर. पण आईचं पांढरं जाणं, पोट पाडण्याबद्दलचा सल्ला, नवऱ्याच्या तपासणीचा निकाल आठवीतल्या पोरीच्या तोंडून वाचून घेऊ नका. आई लाजेनं पुढचं विचारत नाही आणि पोरगी अर्धं गाळते. नवऱ्याकडून वाचून घेतलं तर तांबी, तीन महिन्यांचं इंजेक्शन असले कागद परत बाईच्या हातात येतातच असं नाही. अशा कागदांसाठी वाडीवरची एक बाई ठरवा, बचत गटातली, कानडी वाचणारी, इकडचं तिकडं न करणारी.

आणि सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड दुमडून दोरा बांधून, तुळईला टांगून ठेवा. पत्र्याच्या पेटीत श्रावणात बुरशी येते आणि कार्डावरची शाई पहिल्यांदा जाते.